मोडी वाचून देणाऱ्या बाईंकडे आमच्या घरचे एकवीस कागद

जुने मोडी कागद कुणाकडून वाचून घ्यावेत, असं मला गेल्या दीड वर्षात ओळखीतल्या सात-आठ जणांनी तरी विचारलं. २०२३ साली कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली आणि घरोघरच्या माळ्यावरच्या पेट्या खाली उतरल्या. मोडी वाचणाऱ्यांना तेव्हापासून उसंत नाही. आमची पेटी उघडण्याचं कारण वेगळं होतं, पण प्रत्येकाला तोंडी सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

आमचं गाव करमाळा तालुक्यात, भीमेच्या काठी. म्हणजे होतं. उजनीचं धरण १९८० साली पुरं झालं. गावठाण, मळा, विहीर सगळं त्याच्या पाण्यात गेलं. वडील वारल्यावर त्यांची पत्र्याची पेटी माझ्याकडे आली. आत लाल फडक्यात बांधलेले एकवीस कागद, त्यातले चार बाळबोध, म्हणजे देवनागरी, आणि बाकी सतरा मोडी. वडिलांना मोडीची सुटी अक्षरं ओळखू यायची, सलग वाचता यायचं नाही. मळ्याची गोष्ट मात्र त्यांच्याकडून शंभरदा ऐकलेली: पणजोबांनी दुष्काळात मळा सावकाराकडे गहाण टाकला, सावकारानं तो गिळला, आजोबांनी कुळकायद्यात सोडवला आणि शेवटी धरणानं नेला. एवढ्याशा वाक्यात ऐंशी वर्षं बसवलेली.

आधी मी एका दुसऱ्याच ठिकाणी कागद दिले होते. नाव घेत नाही. दोन दिवसांत, कागदाला दोनशे रुपये घेऊन, टाइप केलेलं लिप्यंतर हातात मिळालं. वाचायला अगदी गुळगुळीत. पण मळ्याच्या मुख्य कागदाला वाळवीनं रुपयाएवढं भोक पाडलंय, आणि त्यांच्या मजकुरात तिथे एकही शब्द सुटलेला नव्हता. तिथेच मनात पाल चुकचुकली. नंतर कळलं की सालही चुकलंय. कागदावर शके १८२१ आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, त्यांनी ६८ मिळवून १८८९ केलं होतं. दहा वर्षांचा फरक. १८९९-१९०० हे आमच्या भागातल्या भीषण दुष्काळाचं साल. ते दहा वर्षं मागे सरकलं की पणजोबांनी तो कागद का केला, हेच कळेनासं होतं.

मग एका जुन्या शिक्षकांनी या बाईंचं नाव सुचवलं. त्या सोलापुरात राहतात, मोडी पुण्यात शिकल्या. नाव-पत्ता इथे द्यायला त्यांनीच नको म्हटलं आहे, कामं त्या ओळखीतूनच घेतात. पानाला ३५० रुपये, निम्मे आधी. कागद प्रत्यक्ष घेऊन या, नाहीतर सपाट मशीनवर स्कॅन करून पाठवा, मोबाईलचे फोटो घेत नाही, हे पहिल्या फोनलाच सांगितलं. मला तेव्हा ते जरा ताठ वाटलं. नंतर त्यांनी समोर बसवून दाखवलं. मोडी लिहिणारा आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेतो आणि त्यांना अक्षरं लटकवत जातो. फोटोत कागदाची घडी आणि ही रेघ सारखीच दिसते, आणि ओळच चुकते. शिवाय मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. एकच ओळ दोन ठिकाणी तोडली तर दोन अर्थ निघू शकतात.

काम हातात पडतं ते फुलस्केप कागदावर, हातानं लिहिलेलं, तीन रकान्यांत. पहिल्यात ओळीचा आकडा, दुसऱ्यात जसंच्या तसं देवनागरी, तिसऱ्यात आजच्या मराठीत अर्थ. त्यांचं स्वतःचं मत असेल तर ते या रकान्यांत कधीच नसतं, खाली ‘टीप’ म्हणून वेगळं. आणि वाचता न येणाऱ्या जागेसाठी त्यांचे तीन शेरे आहेत: ‘फाटले’, ‘अक्षर लागत नाही’ आणि ‘लिहिलेले नाही’. या तिन्हींत किती अंतर आहे ते मला पुढे कळलं.

मळ्याच्या कागदासाठी त्यांनी मला बोलावून घेतलं. राणीच्या छापाचा स्टँप, शके १८२१, विकारीनाम संवत्सर, मार्गशीर्ष. अकरा एकर सात गुंठे, मोटस्थळ (म्हणजे विहिरीच्या मोटेवर भिजणारी जमीन), विहीर एक, ९५ रुपये. कारण लिहिलंय: बैल व चारा. मी म्हटलं, “म्हणजे गहाणच.” मी नर्स होते, म्हणून त्या मला सिस्टर म्हणतात. त्यांनी बोट ठेवून दाखवलं, “सिस्टर, गहाण नाही. कायम खरेदी लिहिलंय.”

मी वाद घातला. आमच्या घरात चार पिढ्या गहाण म्हणतात, तुम्ही खरेदी कसं लिहिता? रागही आला, कारण खरेदी म्हटलं की पणजोबांनी मळा आपणहून विकला असं होतं. बाईंनी आवाज न चढवता १८७९ चा कायदा सांगितला. १८७५ मध्ये सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे खतपत्र जाळले, पुणे-नगर भागात दंगे झाले, त्यानंतर दख्खन शेतकऱ्यांसाठी हा कायदा आला. तो पहिल्यांदा पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर याच चार जिल्ह्यांना लागू होता. गहाणाचा कागद कोर्टात गेला की न्यायाधीश मागचा हिशेब उकरून बघायचे. म्हणून सावकार गहाण लिहून घेण्याऐवजी सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागले आणि ‘पैसे दे, जमीन परत देईन’ हे नुसतं तोंडी राहू लागलं. तुमच्या पणजोबांचं तसं झालं असेल, त्या म्हणाल्या, पण या कागदात तसं एक अक्षर नाही. म्हणून रकान्यात खरेदीच राहील, बाकी टिपेत.

टीप त्यांनी दीड पान लिहिली. आणि दुसरा कागद पुढ्यात ठेवला, तो मला बिनमहत्त्वाचा वाटलेला. दोन वर्षांनंतरचा. त्यात पणजोबा त्याच सावकाराला लिहून देतात की सदर जमीन मी अर्धलीनं करीन. तोच मळा, त्याच चतुःसीमा. म्हणजे मळा विकला पण नांगर आमचाच राहिला, अर्धं पीक देऊन. नांगर आमचा राहिला म्हणून १ एप्रिल १९५७ ला, कुळकायद्याच्या कृषक दिनी (त्या दिवशी जमीन कसणारं कुळ मालक मानलं गेलं), आजोबा कुळ म्हणून त्या मळ्यावर उभे होते. त्याच कायद्याच्या कलम ३२ ग खाली किंमत ठरली, हप्ते फेडले, ३२ म चं खरेदीचं प्रमाणपत्र मिळालं. ते प्रमाणपत्र आणि धरणाची संपादनाची नोटीस बाळबोधमध्ये आहेत. बाईंनी ती परत केली: “हे तुम्हाला वाचता येतं, याचे पैसे घेणार नाही.” आपल्याच बापजाद्याची जमीन आजोबांनी हप्त्यानं विकत घेतली आणि पुरती वीस वर्षंही करायला मिळाली नाही. हे घरात कुणी या शब्दांत बोललं नव्हतं.

याच खरेदीखताच्या तळाशी पणजोबांच्या नावापुढे ‘निशाणी नांगर’ आहे आणि शाईनं काढलेला इवलासा नांगर. त्याच्या खाली आणखी एक ओळ. पहिल्या लिप्यंतरात ही ओळ अजिबात नव्हती. एक बाईचं नाव, मग ‘कोम’, मग पणजोबांचं नाव. कोम म्हणजे बायको. पुढे ‘निशाणी बांगडी’ आणि एक वाटोळं, बोराएवढं, एका बाजूला न जुळलेलं. ती माझी पणजी. तिचं नाव आमच्यात कुणालाही माहीत नव्हतं. वडील तिला ‘थोरली’ म्हणायचे, तेही त्यांच्या वडिलांनी म्हटलेलं ऐकून. नाव मी इथे लिहीत नाही, भाऊबंदांत सगळ्यांना सांगून झालेलं नाही.

मी स्वतः २००४ साली भावाच्या नावे हक्कसोड करून दिलंय. कुणी जबरदस्ती केली नाही, भावाचं आणि माझं उत्तम आहे. पण तिथे अंगठ्याला लागलेली शाई दोन दिवस गेली नव्हती, ते त्या न जुळलेल्या वाटोळ्याकडे बघताना आठवलं. बाईंनी चहा टाकला आणि मला बसू दिलं.

कोतवाल बुकाचं पान त्यांच्याच सांगण्यावरून काढलं. गाव नमुना १४, जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी, तहसिलीच्या रेकॉर्ड रूममधून. अर्ज करून नक्कल मिळायला महिना गेला. साल १९१८, ऑक्टोबर. आमच्या घरचे नऊ दिवसांत चार मृत्यू: पणजोबांचा धाकटा भाऊ, पणजी, तिचा मुलगा आणि एक मुलगी. कारणाच्या रकान्यात चारही ठिकाणी ‘ताप’. हीच ती मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ. त्या वर्षी पाऊसही गेला होता. पणजीचं वय लिहिलंय चाळीस. म्हणजे बांगडीची निशाणी केली तेव्हा ती एकवीस वर्षांची होती.

मी एकतीस वर्षं उपकेंद्रात नर्स होते. मृत्यूची नोंद घेणं माझ्या रोजच्या कामातलं. ‘ताप’ हा शब्द मीही लिहिला आहे, जेव्हा दुसरं काही सांगणारं घरात कुणी शुद्धीवर नसायचं तेव्हा. त्या पानावर कोतवालानं सांगितलं, कुलकर्ण्यानं लिहिलं, आणि तिथल्या सतरा नोंदींत एकदाही अक्षर घाईनं बिघडलेलं नाही. शेवटची नोंद मुलगी, वय तीन महिने. नावाच्या जागी बाईंचा शेरा होता: ‘लिहिलेले नाही’. मी विचारलं, अक्षर लागत नाही का? त्यांनी भिंग दिलं. खरंच कोरी जागा होती, कागद धड, शाई नाही. नाव पुसट झालं असतं तर मी कधीतरी ते लागेल म्हणून वाट बघत बसले असते. आम्हीही बाळाच्या नावाच्या जागी ‘अमकीची मुलगी’ असं लिहून पुढे जायचो. किती वेळा लिहिलं, मोजलेलं नाही.

आता कामातल्या उणिवा. तीन आठवडे म्हणाल्या होत्या, सात लागले. मधे दहा दिवस फोन लागला नाही, कागद आपले एकुलते एक असतात, जीव टांगणीला लागतो. निदान एक निरोप धाडायला हवा होता, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं, त्यांनी मान्य केलं. लिप्यंतर हस्तलिखित असल्यामुळे टाइप करून घ्यायचा खर्च वेगळा. आणि जातपडताळणीसारख्या सरकारी कामाला हे चालेल असं समजू नका. ज्या कार्यालयात द्यायचं तिथे आधी विचारा, कुणी प्रमाणित केलेलं लागतं ते. माझी एकूण २९ पानं झाली, १०,१५० रुपये. पेन्शनीत ही रक्कम थोडी नाही. भाऊ निम्मे देतो म्हणाला, मी घेतले नाहीत.

एका कागदावर मात्र त्या पंधरा दिवस बसल्या आणि शेवटी ‘मला लागत नाही’ म्हणून परत केला, त्या पानाचे पैसे वजा करून. पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात एखाद्या जाणकाराला दाखवा म्हणाल्या. घाई नसेल आणि आपल्या घराबद्दल न आवडणारं ऐकायची तयारी असेल तर मी याच बाईंचं नाव सुचवीन. कुणाला हवं असेल तर आधी त्यांना विचारून कळवते. निव्वळ दाखल्यासाठी लवकर काम हवं असेल त्यानं दुसरीकडे जावं.

मे महिन्यात उजनी मायनसमध्ये गेली, म्हणजे पाणी मृतसाठ्यात उतरलं, तेव्हा भाऊ आणि मी जुन्या गावाकडे उतरलो. सोबत खरेदीखताचं तेवढं पान. पूर्वेस ओढा, दक्षिणेस नदी, उत्तरेस गाडीवाट. गाळ वाळून हातहात भेगा पडलेल्या. ओढ्याचं तोंड ओळखू आलं, गाडीवाट नाही. विहिरीचं तोंड गाळानं भरलेलं, पण मोटेचं थारोळं, म्हणजे मोट रिकामी व्हायची ते कुंड, दगडाचं, ते तसंच होतं. ओढा एका हाताला, नदी समोर, कागदात होतं तसंच. मी ‘मोटस्थळ, विहीर एक’ ही ओळ मोठ्यानं वाचली. भाऊ चप्पल काढून थारोळ्यात उतरला, खाली वाकून हातानं गाळ बाजूला सारायला लागला आणि मान वर न करता म्हणाला, “आक्का, खालची सहीची ओळ वाच. दोघांचीबी.”