तांबं चोख, भोकं ओबडधोबड

सोसायटीच्या मीटर पॅनलसाठी वागळे इस्टेटमधल्या या दुकानातून २५ बाय ६ मिमीची तांब्याची बसबार पट्टी (पॅनलमध्ये वायरींना वीज वाटणारी) घेतली, ३ मीटर. हिशेबाने मीटरला साधारण १.३४ किलो भरायला हवी. काट्यावर ४ किलोच्या किंचित वर गेली. माल चोख!

मालक आधी ॲल्युमिनियम गळ्यात मारत होते, ‘स्वस्त पडेल साहेब.’ पडेल हो, पण तेवढ्याच करंटला पट्टी मोठी लागते आणि आमच्या पॅनलमध्ये करंगळी जाईल एवढीच जागा. शिवाय तांब्याशी जोड आला की बायमेटल वॉशर (एका बाजूला तांबं, दुसरीकडे ॲल्युमिनियम) आले.

भोकं मात्र पोऱ्याने घाईत पाडली. कडा ब्लेडसारख्या, बोट कापलं, मग घरी कानस मारत बसलो. पट्टीवर चढवायची प्लास्टिकची स्लीव्ह लाल, पिवळी, निळी मिळाली. न्यूट्रलची काळी संपलेली.