बाळंतपणानंतरच्या रिकव्हरी किटचा रिव्ह्यू: बाटली भारी, बेल्टच्या नुसत्या गप्पा

आधीच सांगते, किट वाईट नाहीये. पण बॉक्सवर मोठ्या अक्षरात जे लिहिलंय ना, "आईच्या संपूर्ण रिकव्हरीसाठी सगळं काही", ते वाचून कुणी निर्धास्त होणार असेल तर जरा थांबा. यातल्या निम्म्या वस्तू खरंच कामाच्या आहेत, दोन-तीन नुसत्या बॉक्स भरलेला दिसावा म्हणून टाकल्यात, आणि जे सगळ्यात जास्त लागतं ते यात नाहीच. मी आणि माझी जाऊ, दोघींनी सेम किट मागवलं होतं कारण आमच्या तारखा जवळजवळच होत्या, माझी नॉर्मल झाली आणि खाली टाके पडले, तिचं सिझेरियन झालं, म्हणजे एकाच बॉक्सची दोन वेगळ्या बाळंतिणींवर टेस्ट झाली म्हणा. ब्रँडचं नाव लिहीत नाही, असली किट आता बरेच जण विकतात आणि आत माल साधारण तोच असतो.

सगळ्यात आधी बाटली. वाकड्या मानेची, दाबली की पाण्याची धार येते, बास एवढंच. बॉक्समधली सगळ्यात साधी वस्तू आणि सगळ्यात जास्त तीच वापरली गेली. टाके असताना लघवीला बसलं की जी आग होते ती ज्यांना माहितीय त्यांना माहितीय. कोमट पाणी भरायचं आणि लघवी करता करताच धार सोडत राहायची, लघवी पातळ होते आणि जखमेला झोंबत नाही. नंतर पुसायचं नाही, मऊ कपड्याने किंवा टिश्यूने नुसतं टिपायचं, तेही पुढून मागे. मान वाकडीच हवी हं, सरळ तोंडाची बाटली उलटी धरून नेम धरायची ताकद तेव्हा अंगात नसते. जावेला वाटलेलं सिझेरियन झालं म्हणजे आपल्याला हिचा काय उपयोग, पण खाली वाकताच येत नसल्यामुळे स्वच्छतेसाठी तिलाही हीच लागली.

पॅड चांगले आहेत, लांब आणि मऊ, वरचा थर कापसासारखा, प्लॅस्टिकच्या जाळीचा नाही, टाक्यांना चिकटत नाहीत. पण संख्या बघून हसू आलं. अंगावरून जाणं हे पाळीसारखं चार-पाच दिवसांत संपत नाही, साधारण ४ ते ६ आठवडे चालतं, आधी लालभडक, मग गुलाबी-तपकिरी, मग पिवळट-पांढरं असं कमी कमी होत जातं. आणि सिझेरियन झालं तरी ते होतंच, कारण गर्भाशयाच्या आत जिथे वार चिकटलेली होती ती जागा भरून यायची असते, बाळ कुठून बाहेर आलं याचा त्याच्याशी संबंध नाही. जावेला हे कुणी सांगितलंच नव्हतं, ती घाबरून गेली होती बिचारी. तर किटमधले पॅड जेमतेम सुरुवातीचे दिवस पुरतात, जास्तीचे वेगळे आणूनच ठेवा. टॅम्पॉन आणि कप पहिले ६ आठवडे नकोच, आत इन्फेक्शन होण्याची भीती असते. मध्येच एखाद्या दिवशी कमी झालेलं पुन्हा लाल आणि जास्त दिसलं तर बहुतेक वेळा तुम्ही घरात जास्त धावपळ केलेली असते, शरीर सांगतंय की बस आता. आराम करूनही कमी झालं नाही तर मात्र डॉक्टरांना विचारा.

जाळीच्या चड्ड्या दिसायला विनोदी आहेत पण मस्त आहेत, कमरेवर उंच बसतात त्यामुळे सिझेरियनच्या टाक्यांवर इलॅस्टिक घासत नाही. एक साइज मोठी घ्या. पुढे.

जेल पॅक दोन दिलेत, थंड आणि गरम दोन्हीसाठी. टाक्यांच्या जागी पहिले एक-दोन दिवस थंड शेक खरंच आराम देतो, सूज उतरते. फक्त कपड्यात गुंडाळून, १०-१५ मिनिटं, मग काढायचा. थेट कातडीवर ठेवला तर बर्फाने भाजल्यासारखं होतं आणि तिथली कातडी आधीच नाजूक असते. पत्रकात ही ओळ आहे पण इतक्या बारीक अक्षरात की रात्री झोपेत कोण वाचणार! गरम शेक मी पोटाच्या कळांसाठी वापरला. हो, डिलिव्हरी झाल्यावरही कळा येतात, विशेषतः बाळ अंगावर पीत असताना, कारण तेव्हा ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन सुटतं आणि गर्भाशय आकसतं. साधारण १ किलोचं झालेलं गर्भाशय ६ आठवड्यांत १०० ग्रॅमच्याही खाली येतं, तर ते काही गुपचूप होणार नाही ना. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला या कळा जास्त जाणवतात.

सिट्झ बाथचा टब, म्हणजे कमोडवर बसवायचं ते टोपलं. ठीक आहे. प्लॅस्टिक पातळ आहे, कमोडच्या आकाराला बसलं नाही तर डगमगतं, बसायच्या आधी हाताने दाबून बघा. कोमट पाण्यात १०-१५ मिनिटं बसलं की छान वाटतं, मूळव्याध बाहेर आली असेल तर जास्तच. सोबत सुगंधी मिठाच्या पुड्या दिल्यात, त्या मी उघडल्याही नाहीत, साधं पाणी पुरतं, उघड्या जखमेला सुगंध कशाला? "हर्बल कूलिंग स्प्रे"चंही तेच. काय घटक आहेत ते धड लिहिलेलं नाही, टाक्यांवर असलं काही मारायच्या आधी डॉक्टरांना दाखवा, आमच्या डॉक्टरांनी तर हात हलवूनच नको म्हटलं.

आता जे किटमध्ये नाही ते. पहिल्यांदा शौचाला जायची भीती! यावर कुणी बोलतच नाही. टाके असोत की पोटावर चीर असो, जोर लावायच्या कल्पनेनेच घाम फुटतो, मग बाई दाबून धरते, मग खडा होतो, आणि मग खरंच त्रास होतो. दुखण्याच्या काही स्ट्राँग गोळ्या आणि लोहाच्या गोळ्या यांनीही पोट घट्ट होतं. या स्प्रेच्या जागी पाय ठेवायला एक छोटं स्टूल दिलं असतं तर मी पाच स्टार दिले असते. पाय उंचावर, गुडघे कमरेच्या वर, थोडं पुढे झुकायचं, श्वास रोखून कुंथायचं नाही, आणि टाके असतील तर स्वच्छ पॅड हाताने त्या जागी हलकं दाबून धरायचं, आधार वाटतो, टाके काही उसवत नाहीत. भरपूर पाणी प्या, आणि शौच मऊ करायचं औषध हॉस्पिटलमधून निघायच्या आधीच डॉक्टरांना विचारून घ्या, अडलं की मग बघू असं नको.

बेल्टवर मला जरा जास्तच बोलायचंय कारण किटचा सगळा भाव त्याच्या जिवावर आहे. बॉक्सवर फोटो पण बेल्टचाच. म्हणे पोट आत जातं, स्नायू जुळतात, आधीचा शेप परत येतो. जावेला त्याचा फायदा झाला हे कबूल, ऑपरेशननंतर उठताना, खोकताना, चालताना पोटाला आधार मिळाला की दुखणं कमी होतं, त्यासाठी तो चांगलाच आहे. पण तो आधार आहे, उपचार नाही. पोटाचे मधले दोन उभे स्नायू गरोदरपणात बाजूला सरकलेले असतात, ते अंतर बऱ्याच जणींचं पहिल्या ८ आठवड्यांत आपोआप बरंच कमी होतं, जे उरतं ते व्यायामाने ताकद येऊन सुधारतं, बाहेरून बांधून ठेवल्याने नाही. उलट खूप आवळला तर सगळा दाब खाली ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर येतो, जे आधीच ताणून थकलेले असतात. म्हणजे पोट सपाट दिसायच्या नादात शिंकताना लघवी निसटायची तक्रार वाढवून घ्यायची, काय उपयोग सांगा. माझ्याकडून बेल्टला दोन स्टार, जावेकडून चार, पण तीही म्हणते की झोपताना काढायचा, श्वास आरामात घेता आला पाहिजे आणि दोन बोटं आत गेली पाहिजेत. खोकताना उशी पोटाशी धरली तरी तेच काम होतं हे पण तिनेच शोधलं. आणि बेडवरून सरळ उठून बसायचं नाही, आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग हातांनी रेटून उठायचं, बेल्ट असो वा नसो. पहिले काही आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही, यात मोठं मूल पण आलं, भले ते कितीही रडो.

बेल्टला एवढी जागा दिली आणि व्यायामाला एक कार्ड, तेही फक्त "केगल करा" म्हणणारं. डॉ. अर्नोल्ड केगल यांनी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे हे व्यायाम १९४८ मध्ये मांडले, फुकटचे आहेत, विकता येत नाहीत म्हणूनच बहुतेक कार्ड एवढंसं आहे. करायचं असं की वारा रोखून धरतो तसं आत आणि वर ओढायचं, काही सेकंद धरायचं, मग पूर्ण सोडायचं. सोडणं पण तितकंच महत्त्वाचं. श्वास चालू ठेवायचा, मांड्या आणि पोट आवळायचं नाही. लघवी मध्येच थांबवून सराव करायचा नाही. लघवीची नळी लावली असेल तर ती निघाल्यावर, आणि दुखत नसेल तर सुरुवातीच्या दिवसांतच हळूहळू सुरू करता येतं. काही महिन्यांनीही लघवी निसटत असेल किंवा खाली काहीतरी उतरल्यासारखं जड वाटत असेल तर फिजिओकडे जा, "बाई आहे, चालायचंच" म्हणून सोडून देऊ नका.

ब्रेस्ट पॅड बरे आहेत. निपलला लावायचं लॅनोलिनचं क्रीम चांगलं आहे, पाजायच्या आधी पुसावं लागत नाही. पण निपलला भेगा पडत असतील तर बाळ नीट तोंडात धरतंय का ते आधी कुणा जाणकाराकडून बघून घ्या, नाहीतर ट्यूबमागून ट्यूब संपेल आणि दुखणं तिथेच.

शेवटी पत्रक, आणि यावर मी चिडलेय. गुळगुळीत कागदाची बारा पानं, त्यात "स्वतःसाठी वेळ काढा" वगैरे, पण डॉक्टरकडे कधी पळायचं याची एक ओळ नाही. आम्ही मग स्वतःच कागदावर लिहून फ्रिजवर लावलं आणि घरातल्या पुरुषांना पाठ करायला लावलं, कारण त्या अवस्थेत बाईला स्वतःचं कळतंच असं नाही. तासाभरात किंवा त्याच्या आत जाड पॅड पूर्ण भिजणं, अंड्याएवढी किंवा मोठी गुठळी पडणं, ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, घाण वास, टाक्यांतून पू, प्रचंड डोकेदुखी किंवा डोळ्यांसमोर अंधारी-ठिपके, एकाच पायाची पोटरी सुजणं-दुखणं, छातीत दुखणं किंवा धाप लागणं. डोकेदुखीचं मुद्दाम सांगते कारण बीपी गरोदरपणात नॉर्मल असलं तरी डिलिव्हरीनंतर ६ आठवड्यांपर्यंत वाढून झटके येऊ शकतात, आणि लोक म्हणतात झोप नाही म्हणून दुखतंय. रडू येणं पहिले दोन आठवडे कॉमन आहे, त्यापुढे चाललं किंवा स्वतःला-बाळाला काही करावं असे विचार आले तर लगेच मदत, त्याच दिवशी.

तपासण्यांचा तक्ता पत्रकात फक्त बाळाचा आहे. आईच्याही असतात, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या सूचनांप्रमाणे कमीत कमी चार वेळा: पहिल्या २४ तासांत, ४८ ते ७२ तासांत, ७ ते १४ दिवसांत आणि सहाव्या आठवड्यात. तारखा आधीच लिहून ठेवा.

तर मागवायचं का? बाटली, पॅड, चड्ड्या, जेल पॅक आणि क्रीम सुटं मिळत असेल तर सुटंच घ्या, बेल्ट डिलिव्हरी कशी होते ते बघून मग ठरवा. भेट म्हणून देत असाल तर किट द्या खुशाल, पण मिठाच्या पुड्या काढून ते स्टूल ठेवा. आणि सामान सातवा-आठवा महिना असतानाच फोडून अर्धं बाथरूममध्ये, अर्धं बेडजवळ हाताला येईल असं लावून ठेवा, वरच्या कपाटात नको, तिथे हात जात नाही त्या दिवसांत.