नागपूरच्या धंतोलीतल्या ‘विषाणू डॉक्टर’ला मी ४,३२,५०० रुपये दिले

लाजेपायी दोन महिने गप्प होतो. पण परवा रेडिएशनच्या रांगेत त्या ‘डॉक्टर’चा तोच दलाल, तीच निळी फाईल घेऊन, दुसऱ्या कोणाच्या तरी मुलाशी हळू आवाजात बोलताना दिसला. मी उठेपर्यंत तो जिन्यानं सटकला. म्हणून लिहितो आहे.

माझ्या मोठ्या भावाला गालाचा कॅन्सर. तीस वर्षं तंबाखू-सुपारीचा खर्रा. नागपूरकरांना याहून जास्त सांगायला नको. ऑपरेशन झालं, मग ३३ रेडिएशन आणि सोबत केमो ठरली. अकरावं झालं तेव्हा तोंड इतकं सोललं होतं, की पाणी गिळताना त्याच्या डोळ्यांतून धार लागायची. नेमका त्याच दिवशी बाहेरच्या बाकावर फाईलवाला शेजारी येऊन बसला. दलाल माणूस कसा हेरतात हे सगळ्यांना माहीत असतं. मलाही होतं.

दुसऱ्या दिवशी धंतोलीत, दुसऱ्या मजल्यावरची खोली. एसी, पांढरा कोट, लॅपटॉप. तिथला ‘डॉक्टर’ समजावू लागला. ओठावर पुटकुळ्या उठवणारा हर्पीसचा विषाणू घ्यायचा, त्यातली दोन जनुकं काढायची आणि प्रतिकारशक्तीला जागं करणारं एक घालायचं. असा विषाणू निरोगी पेशीत नीट वाढू शकत नाही, कॅन्सरच्या पेशीत मात्र वाढतो आणि तिला फोडून बाहेर पडतो. अमेरिकेनं २०१५ मध्ये मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरसाठी असं औषध मान्य केलं, टी-व्हेक. जपाननं २०२१ मध्ये मेंदूच्या गाठीसाठी एक. आणि चीननं २००५ मध्येच डोकं-मानेच्या कॅन्सरसाठी एच१०१, ते सर्दीच्या ॲडिनोव्हायरसपासून केलेलं. “तुमच्या भाऊंना हेच,” तो म्हणाला.

मला अडाणी समजू नका. ३१ वर्षं हिशेब तपासण्यात गेली. घरी येऊन रात्री दोनपर्यंत मोबाईलवर शोधत बसलो आणि एकूण एक गोष्ट खरी निघाली. खोटं असतं तर मी पकडलं असतं हो! जगात असं औषध आहे, एवढं मी तपासलं. ते याच्या फ्रीजमध्ये कुठून येईल, हा प्रश्न डोक्यात आलाच नाही.

पैसे असे गेले: फी २,५००. ‘जनुक तपासणी’ ३८,०००. पहिला डोस १,८५,०००, दुसराही तेवढाच. बर्फातून आणण्याचे वेगळे २२,०००. डोसांचे पैसे रोख, बाकीचे यूपीआयनं. पावती एकाचीही नाही. ‘ही ट्रायल आहे, बिल निघत नाही’ म्हणे. ट्रायल म्हणतो आणि पैसे मागतो, तिथूनच उठा. ट्रायलमधलं औषध रुग्णाला विकत घ्यावं लागत नाही, आणि ट्रायलची नोंद सरकारच्या सीटीआरआय या नोंदवहीत असते. ती इंटरनेटवर कोणालाही फुकट पाहता येते.

आता तो क्षण. मे महिना, बाहेर आग ओतत होती. एक पोरगा ॲक्टिव्हावर थर्माकोलचा डबा घेऊन आला. आत बर्फाचं पाणी झालेलं आणि त्यात कुपी तरंगत होती. ‘डॉक्टर’नं ती उघड्या हातानं उचलली आणि लेबलची शाई त्याच्या अंगठ्याला लागली. निळी. घरच्या प्रिंटरवर छापल्यासारखी. मी ती पाहिली. आणि काय केलं? खिशातून रुमाल काढून त्याला दिला! रोज रात्री तो अंगठा दिसतो. त्यानं औषध सलाईनमधून सोडलं. ताप आला नाही, तर म्हणाला, “पाहा, काही त्रास नाही.”

भाची कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते. तिला आधी विचारलं नाही, कारण ती नाही म्हणेल अशी भीती होती. नंतर सांगितलं तर ती सुन्न झाली. “मामा, टी-व्हेक उणे ७० अंशांखाली ठेवतात. थेट गाठीत टोचतात. जिवंत विषाणू असतो, हातमोजे घालतात. ताप-थंडी तर पुष्कळांना येते. आणि एच१०१ केमोसोबत देतात, केमो थांबवून नाही.” कारण त्यानं आमचं सगळं थांबवलं होतं. रेडिएशननं विषाणू मरतो म्हणाला. पाच आठवडे! पैशाचं सोडा. चालू उपचार बंद करा म्हणणाऱ्याच्या दारात उभे राहू नका.

तक्रारीचं ऐका. ठाण्यात म्हणाले, व्हॉट्सॲपवर बोलणं झालं ना, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, मोठी रक्कम रोख आहे, ठाण्यात जा. औषधांचं पाहणाऱ्या कार्यालयात कुपी मागितली. कुपी त्यानं परत नेली होती. जिवंत विषाणू कचऱ्यात टाकता येत नाही म्हणे, आणि मला ते जबाबदारपणाचं वाटलं होतं. डॉक्टरांची नोंद ठेवणाऱ्यांनी तर कमाल केली: तो नोंदणीकृत डॉक्टर नाही, म्हणून त्याच्यावर कारवाई आमच्या हातात नाही! म्हणजे खरा डॉक्टर असता तर सापडला असता, बोगस आहे म्हणून सुटला. कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, हे मी एका साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, “काका, अर्ज आवक खिडकीवर द्या.” खिडकी जेवणासाठी बंद होती. तीन वाजताही बंदच. चार खेपा, ऑटोचे हजारभर रुपये, हातात एक शिक्का. यूपीआयनं पैसे गेले असतील तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनला फोन लावा; मी सहा दिवसांनी लावला. रिकामी कुपी, डबा, लेबल, काहीही हातचं सोडू नका.

रेडिएशन पुन्हा सुरू झालं आहे. तिथल्या डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, फक्त कॅलेंडरवर आठवडे मोजत बसल्या. भावाला अजून काही सांगितलेलं नाही. काल घरी येताना विचारत होता, “काहून रे, ते तिसरं इंजेक्शन कधी आहे?”