रोझेनबर्ग फंड फॉर चिल्ड्रन: चेक घरी नाही, थेट क्लासला

आंदोलनापायी नोकरी गेलेल्या, मारहाण झालेल्या किंवा तुरुंगात पडलेल्या अमेरिकेतल्या कार्यकर्त्यांच्या मुलांसाठी ही संस्था १९९० पासून अनुदान देते. संस्थापक रॉबर्ट मीरोपोल म्हणजे ज्युलियस आणि एथेल रोझेनबर्ग यांचा धाकटा मुलगा. सोव्हिएत संघासाठी हेरगिरीचा कट केल्याच्या आरोपावरून १९ जून १९५३ रोजी आईवडिलांना अमेरिकेत देहदंड झाला तेव्हा तो ६ वर्षांचा होता, थोरला मायकल १० वर्षांचा. या दोघांसाठी वकील इमॅन्युएल ब्लॉक यांनी वर्गणी गोळा केली होती. त्या आधाराची परतफेड म्हणून हा फंड निघाला.

कामाची पद्धत नीट समजून घ्यावी. पैसे पालकांच्या खात्यात येत नाहीत. संगीताचा क्लास, उन्हाळी शिबिर, शाळा, समुपदेशक, ज्याच्याकडे मूल जाणार त्यालाच ते मिळतात. म्हणून आधी क्लास ठरवावा, फीचा आकडा घ्यावा, मगच अर्ज भरावा. घरभाडं आणि किराणा यात बसत नाही. अनुदानाच्या फेऱ्याही वर्षातून दोनच, त्यामुळे उद्या फी भरायची असेल तर इथे थांबण्यात अर्थ नाही.

अर्जातली खरी मेख दुवा जोडण्यात आहे. ‘बाबा आयुष्यभर चळवळीत होते’ एवढ्यावर भागत नाही. नोकरी गेली असेल तर ती युनियन बांधल्यामुळेच गेली आणि म्हणून मुलाचा क्लास सुटला, अशी साखळी दिसायला हवी. बडतर्फीचं पत्र, कोर्टाचे कागद, बातमीचं कात्रण जोडलेलं बरं.

तुरुंगातल्या आईला किंवा वडिलांना भेटायला जाण्यासाठी ‘ॲटिका फंड’ वेगळा आहे. अमेरिकेत कैद्याला घरापासून शेकडो मैल दूर ठेवतात, तेव्हा एका भेटीचं तिकीटच घराला झेपत नाही. संस्थेचं सर्वांत मोलाचं काम आमच्या मते हेच. स्वतःच दडपशाहीला तोंड दिलेल्या २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांनाही अर्ज करता येतो.

आपल्याकडे डॉ. श्रीराम लागू, बाबा आढाव प्रभृतींनी उभा केलेला सामाजिक कृतज्ञता निधी पूर्णवेळ कार्यकर्त्याला मानधन देतो. ते घरात खर्च होतं, मुलाच्या तबल्यापर्यंत पोचेलच असं नाही. रोझेनबर्ग फंडात तबल्याचे पैसे तबल्यालाच जातात. चूल मात्र तशीच राहते.

अमेरिकेतल्या मराठी देणगीदारांना तिथल्या करात सवलत मिळते. भारतातल्या कार्यकर्त्यांच्या मुलांसाठी मात्र इथे अर्ज पाठवू नये; फंडाचं काम अमेरिकेपुरतंच आहे.