ड्यूक्रेडिट : कोडमध्येच संदर्भ नोंदवणारे पायथन पॅकेज

खारघरच्या आमच्या प्रयोगशाळेत प्रतिमा-विश्लेषणाचा कोड लिहिताना, ज्या शोधनिबंधातून पद्धत घेतली त्याचे नाव टिप्पणीत लिहून ठेवले जाई आणि प्रबंधाच्या वेळी ते हमखास सुटे. ड्यूक्रेडिटमध्ये फंक्शनच्या वर एका डेकोरेटरमध्ये (फंक्शनला जोडलेल्या खास ओळीत) निबंधाचा डीओआय, म्हणजे त्याचा कायमस्वरूपी ओळख-क्रमांक, लिहायचा. मग ड्यूक्रेडिट सुरू ठेवून प्रोग्राम चालवला की प्रत्यक्ष वापरल्या गेलेल्या फंक्शनांचेच संदर्भ यादीत येतात. गाळणीचा एक टप्पा मी वगळला, तेव्हा त्याचा निबंधही यादीतून गेला; हा काटेकोरपणा मला फार मोलाचा वाटतो. स्टबची, म्हणजे ड्यूक्रेडिट नसेल तेव्हा त्याच्या जागी उभी राहणारी, छोटी फाइल सोबत असली की हे पॅकेज नसलेल्या संगणकावरही कोड विनातक्रार चालतो. मात्र ज्या लायब्ररीत संदर्भ कोणी नोंदवलेलेच नाहीत, तिच्या कर्त्यांचे श्रेय आपणच शोधून लिहावे लागते.