शॅडो, मल्टीबॉल की लॅडर? टेबल टेनिसच्या फुटवर्कसाठी हाती असलेला वेळ कुठे द्यावा

आठवड्यातून तीन संध्याकाळी जेमतेम तासभर जिमखान्यात खेळायला मिळणाऱ्या खेळाडूने फुटवर्क सुधारायचे मनावर घेतले, की त्याच्यापुढे साधारणपणे तीन पर्याय येतात. बॉलशिवाय पायांचा आणि फटक्यांचा सराव, म्हणजे शॅडो. टोपलीभर बॉल घेऊन कोणी तरी एकामागून एक देत राहते तो मल्टीबॉल. आणि जमिनीवर पसरलेल्या लॅडरवरचा, म्हणजे पट्ट्यांच्या शिडीच्या चौकोनांत भराभर पावले टाकण्याचा, किंवा दोरीच्या उड्यांचा व्यायाम. तिन्ही उपयोगी आहेत. परंतु तिघांचा उपयोग एकाच दुखण्यावर होत नाही, आणि निवड चुकते ती नेमकी इथे.

म्हणून आधी आपला उशीर कुठे होतो ते पाहावे. टेबलाची रुंदी १.५२५ मीटर असते, त्यामुळे टेबलाजवळ खेळणाऱ्याला बहुतेक वेळा एक-दोन पावलांपेक्षा जास्त अंतर कापावे लागत नाही. पाय मंद असण्यापेक्षा ते उशिरा निघणे हीच क्लब पातळीवरची नेहमीची अडचण असते. फोन बाजूच्या खुर्चीवर असा ठेवावा की दोन्ही खेळाडू दिसतील, आणि स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करून समोरच्याची बॅट बॉलला लागते त्या क्षणी आपल्या टाचा कुठे आहेत एवढेच पाहावे. मी स्वतः हे केले तेव्हा फोरहँड टॉपस्पिन, म्हणजे बॉलला पुढच्या दिशेने फिरकी देणारा फटका, मारल्यावर मी गुडघे सरळ करून आपल्याच फटक्याकडे पाहत उभा असल्याचे दिसले, आणि परत आलेला बॉल नेटवरून अलीकडे आल्यावर कुठे माझा उजवा पाय हलला. हे पाहण्यापूर्वी मी कित्येक महिने दोरीच्या उड्या मारत होतो.

असा दोष असलेल्याने शॅडोपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. बॉल नसल्यामुळे लक्ष पूर्णपणे पायांवर राहते: पावले खांद्यांपेक्षा थोडी जास्त अंतरावर, गुडघे वाकलेले, भार चवड्यांवर, आणि प्रत्येक फटक्यानंतर एक लहानशी उडी घेऊन पुन्हा तयार स्थितीत येणे. शॅडोला खर्च नाही, जोडीदार लागत नाही, घराच्या गच्चीवरही तो करता येतो. त्याची उणीव मात्र मोठी आहे. बॉल वाट पाहायला लावत नाही किंवा घाईही करत नाही, त्यामुळे खेळाडू नकळत आपल्या सोयीच्या लयीत सरकू लागतो. बहुतेक रॅली काही सेकंदांतच संपतात, तेव्हा वीस-पंचवीस सेकंदांचे जोरकस तुकडे आणि मध्ये तेवढीच विश्रांती हे पाच मिनिटांच्या संथ डोलण्यापेक्षा बरे.

मल्टीबॉलमध्ये ही घाई बाहेरून येते. एरवी ज्या वेळात बॉल शोधायला टेबलाखाली वाकावे लागते, त्याच वेळात कितीतरी फटके मारून होतात, आणि देणारा जाणता असेल तर खेळाडूच्या क्षमतेच्या किंचित पुढचा वेग धरतो. यातला सर्वांत उपयुक्त क्रम म्हणजे फाल्केनबर्ग. १९७१चा जगज्जेता स्टेलन बेंग्टसन ज्या स्वीडिश गावचा, त्याच गावाचे नाव या सरावाला मिळाले आहे. पहिला बॉल बॅकहँडच्या कोपऱ्यातून बॅकहँडने, दुसरा तिथेच बाजूला सरकून फोरहँडने, आणि तिसरा थेट फोरहँडच्या कोपऱ्यात धावून फोरहँडने खेळायचा. तिन्ही हालचाली सामन्यात लागतात, म्हणून क्रम ठरलेला असूनही त्याची किंमत कमी होत नाही. परंतु बॉल देणाऱ्याने उगाच वेग वाढवला की खेळाडू सरळ उभा राहून नुसत्या हाताने बॉल ढकलू लागतो, आणि मग सराव पायांचा न राहता लांब हात करण्याचा होतो. दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. मल्टीबॉलमध्ये पुढचा बॉल आपल्या फटक्यावर अवलंबून नसतो. प्रत्यक्ष रॅलीत आपण जोरात मारले तर बॉल लवकर परत येतो, आणि सावरायला मिळणारा वेळ आपणच कमी करून घेतलेला असतो. हा हिशेब जोडीदारासोबत खेळूनच कळतो. रोबोटबाबत, म्हणजे बॉल फेकणाऱ्या यंत्राबाबत, तर समोर बॅटच नसते, त्यामुळे फटका वाचण्याचा सराव होत नाही. तो एकट्याने फटका घोटण्यासाठी चांगला.

लॅडर आणि दोरीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. त्यांनी पोटऱ्या तयार होतात, शरीर गरम होते, पण कुठे जायचे हा निर्णय त्यात घ्यावाच लागत नाही. दहा मिनिटे पुरे.

फुटवर्क म्हटले की २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये वांग हाओला हरवून सुवर्णपदक जिंकणाऱ्या र्यू सुंग-मिनच्या चित्रफिती हमखास दाखवल्या जातात. तो पेनहोल्ड पद्धतीने, म्हणजे बॅट पेनासारखी धरून, खेळे आणि जवळजवळ सगळे टेबल फोरहँडने सांभाळे, म्हणून त्याला तसे धावावे लागे. चांगला बॅकहँड असलेल्या शेकहँड, म्हणजे हस्तांदोलनासारखी बॅट धरणाऱ्या, खेळाडूने त्याची नक्कल केली, तर तो स्वतःच अंतर वाढवून घेतो.

तेव्हा तासाची वाटणी अशी करता येईल: दहा मिनिटे दोरी, दहा मिनिटे शॅडो, वीस मिनिटे मल्टीबॉल, आणि उरलेली वीस मिनिटे जोडीदारासोबत असा सराव, ज्यात पहिले दोन बॉल ठरलेले आणि तिसरा कुठेही. मल्टीबॉल देणारा कोणी नसेल, तर ती वीस मिनिटेही या शेवटच्या सरावाला द्यावीत. गुळगुळीत फरशी असलेल्या सभागृहात मात्र कोपऱ्यात एक ओले फडके ठेवून दर काही मिनिटांनी बुटांचे तळ त्यावर पुसावेत, कारण घसरण्याची धास्ती असलेला पाय कोणत्याही सरावाने वेळेवर निघत नाही.