बटू दीर्घिकांतली तारानिर्मिती: रेडिओ की एच-अल्फा?

बटू (म्हणजे लहान, मंद) दीर्घिकेतल्या तारानिर्मितीचा दर काढायचाय आणि निरीक्षणाचा वेळ एकाच गोष्टीसाठी मागता येणार आहे, असं असेल तर शेवटी निवड दोहोंत येऊन ठेपते: १.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ नकाशा किंवा एच-अल्फाची, म्हणजे तरुण ताऱ्यांमुळे उजळलेल्या हायड्रोजनच्या लाल प्रकाशरेषेची, प्रतिमा. मी दोन्ही वापरलंय.

रेडिओचं मोठं आकर्षण म्हणजे त्याला धूळ आडवी येत नाही. आयसी १० ही बटू दीर्घिका घ्या. ती आपल्या आकाशगंगेच्या पट्ट्याआड आहे, त्यामुळे एच-अल्फात विलोपनाची (धुळीने अडवलेल्या प्रकाशाची) दुरुस्ती एवढी मोठी होते की हाती आलेल्या आकड्यावर भरवसा ठेवणं जड जातं. तिथे रेडिओच घ्यावा. पण बहुतेक बटू दीर्घिकांत जड मूलद्रव्यं कमी आणि म्हणून स्वतःची धूळही कमी, तेव्हा या फायद्याची धार बरीच बोथट होते.

सिंक्रोट्रॉनची, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात वेगाने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या रेडिओ प्रारणाची, अडचण तर सर्वांना माहीत आहे. अतिनवताऱ्यांच्या (स्फोट होणाऱ्या ताऱ्यांच्या) धक्का-लहरींत वेग घेतलेले इलेक्ट्रॉन दुबळ्या चुंबकीय क्षेत्रात फार काळ टिकत नाहीत, वायूच्या वाऱ्याबरोबर दीर्घिकेबाहेर निघून जातात. मोठ्या सर्पिल दीर्घिकांवर बसवलेलं सूत्र तसंच लावलं की दर कमी निघतो. रेडिओ आणि दूर-अवरक्त (तापलेल्या धुळीचं प्रारण) यांचा संबंध इथेही जुळलेला दिसतो, पण त्यावर विसंबू नये. धूळ कमी म्हणून अवरक्तही तोकडं पडतं आणि दोन्ही बाजू एकदमच खाली येतात. खगोलशास्त्रज्ञ एरिक बेल यांनी २००३ मध्ये हे नीट मांडलं आहे.

तरी माझा निर्णय या कारणाने झाला नाही. मला नडले ते पार्श्वभूमीचे स्रोत. बटू दीर्घिका जवळची असली की आकाशात बरीच पसरलेली दिसते आणि स्वतः मंद असते. तिच्या तबकडीत एक ठळक ठिपका दिसतो. तो आयनित वायूचा ढग असेल, अतिनवताऱ्याचा अवशेष असेल, किंवा कोट्यवधी प्रकाशवर्षं मागे असलेल्या एखाद्या दीर्घिकेचं सक्रिय केंद्र, म्हणजे तिथलं पदार्थ गिळणारं कृष्णविवर. वर्णपटाचा उतार (वारंवारतेनुसार तेज कसं घटतं ते) बघावा तर अवशेष आणि सक्रिय केंद्र दोघांचा उतार सारखाच तीव्र निघू शकतो. होल्मबर्ग २ या बटू दीर्घिकेत तर एका अतिदीप्त क्ष-किरण स्रोतापाशीही रेडिओ प्रारण आहे. एकूण प्रवाहच इतका थोडा की असा एक ठिपका ठेवला किंवा झाकला तरी उत्तर बदलतं. आणि तो झाकायचा की नाही हे ठरवायला दर वेळी मी उघडत होतो ती एच-अल्फाची प्रतिमाच.

अरुंद पट्ट्याच्या फिल्टरमध्ये हा त्रास जवळजवळ उरत नाही. मागच्या दीर्घिकेची एच-अल्फा रेषा सहसा त्या पट्ट्याबाहेर सरकलेली असते, आणि अखंड प्रकाश (रेषांखेरीजचा सलग प्रकाश) नीट वजा केला की ती बहुधा पुसली जाते. जड मूलद्रव्यं कमी असल्याने शेजारच्या नायट्रोजन रेषांची भेसळही थोडीच असते.

एच-अल्फात खोट नाही असं नाही. ती साधारण गेल्या १ कोटी वर्षांतल्या जड ताऱ्यांचंच बोलते. वर्षाला ०.०१ सौरवस्तुमानाच्या (सूर्याच्या वस्तुमानाच्या शंभराव्या भागाच्या) खाली दर गेला की असे तारे इतके मोजके असतात की आकडा वरखाली होतो, आणि सरासरीने अतिनील मोजमापापेक्षा कमी येतो. तुमच्या दीर्घिका अशाच मंद असतील तर जोडीला उपलब्ध अतिनील प्रतिमा जरूर घ्या.

चुंबकीय क्षेत्र किंवा विश्वकिरण हाच विषय असेल तर रेडिओला पर्याय नाही. पण प्रश्न फक्त दराचा असेल, तर मला वाटतं, वेळ एच-अल्फासाठी मागावा. पुढे कधी रेडिओ नकाशा हाती आलाच, तर त्यातला औष्णिक (तप्त आयनित वायूचा) भाग याच प्रतिमेवरून काढून वजा करता येईल.